आणि नाहीतर?

मामांनी दोन पावत्या टेबलावर एकीशेजारी एक ठेवल्या आणि त्यांच्यावर पाण्याचा तांब्या ठेवला, कारण पंखा फुल्ल होता. मे महिना होता, वाळपईहून पहिली बस पकडून ते फोंड्याला आले होते, चहासुद्धा नको म्हणाले, आधी हे बघ. दोन्ही पावत्या काजूबियांच्या, दोन्ही त्यांच्याच नावावर, मध्ये चार दिवसांचं अंतर. बी त्याच झाडांची, त्याच अंगणात तेवढीच उन्हं खाल्लेली, वाजवून बघितली तर खुळखुळणारी. पण पहिल्या पावतीवर सुक्या मालाचा दर आणि दुसरीवर ओल्याचा.

ते बिलाचं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं. एका घाऊक खरेदीदारासाठी, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं होतं तेव्हा, आणि मामांना त्याचं केवढं कौतुक, रांगेत उभं राहून पुढच्या-मागच्याला सांगायचे की हे आमच्या भाचीचं काम. त्यामुळे आवाज चढवायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी फक्त विचारलं, यात हिशेब कसा होतो ते मला सांग. मी सांगितलं की यंत्राने ओलावा मोजतात, तो मर्यादेपेक्षा जास्त निघाला तर दर कमी लागतो. त्यावर ते म्हणाले,

"बियो ओल्यो आसल्यार दर उणो, तें कळ्ळें. नाजाल्यार कितें?"

ओल्या असतील तर कमी, ते समजलं. नाहीतर काय? (आमच्याकडे घरात बोलणं कोंकणी आणि वाचणं-लिहिणं मराठी, गोव्यात अशी घरं खूप आहेत, त्यामुळे माझ्या डोक्यात हा प्रश्न आजही दोन्ही भाषांत एकदम वाजतो.)

मी म्हटलं, नाहीतर काही नाही मामा, नाहीतर नेहमीचा दर. आणि तोंडातून 'काही नाही' निघालं त्याच क्षणी पोटात गोळा आला, कारण मी कोडमध्येही तेच लिहिलं होतं. काही नाही.

प्रोग्राम साधा होता. सकाळी सुरू करताना दर म्हणजे सुक्या मालाचा दर. मग एकेक नोंद घ्यायची, ओलावा जास्त असला तर दर कमी करायचा, वजन गुणिले दर, पावती छापायची, पुढची नोंद. 'जास्त असला तर'च्या पुढे 'नाहीतर' नव्हतंच. म्हणजे एकदा कुणाचं ओलं पोतं येऊन गेलं की दर खाली बसायचा तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खालीच, आणि मागे रांगेत असलेल्या प्रत्येकाची खडखडीत वाळलेली बी ओल्याच्या भावात जायची. मी तपासताना प्रत्येक नोंद वेगळी तपासली होती, ओली वेगळी, सुकी वेगळी, दोन्ही बरोबर यायच्या. ओलीच्या मागे सुकी, हा क्रमच मी कधी लावून बघितला नव्हता. मामा त्या दिवशी नेमके कुणाच्या तरी ओल्या पोत्यामागे उभे होते.

चूक त्याच रात्री दुरुस्त झाली, एका ओळीचं काम. पण त्या सीझनच्या सगळ्या पावत्या परत काढून फरकाची यादी करायला मला आठ रात्री लागल्या. खरेदीदाराने फरक दिला, त्याबद्दल त्याचे उपकारच. पण पावती घेऊन परत येणारा माणूस तर हवा ना. सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावांतून कितीतरी लोक दुसऱ्याच्या हाती बी पाठवतात, पावती वाटेतच कुठेतरी राहते. यादीतली काही नावं शेवटपर्यंत तशीच राहिली. ती मला अजून पाठ आहेत.

हे सगळं आत्ता लिहावंसं वाटलं कारण आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलाने परवा वैतागून विचारलं की हॅस्केलमध्ये (ही एक प्रोग्रामिंगची भाषा) प्रत्येक इफला एल्स, म्हणजे 'जर'ला 'नाहीतर', लिहायची सक्ती कशाला, मला दुसऱ्या बाजूला काहीच करायचं नसेल तर? आणि मी त्याला दोन मिनिटांत उत्तर देऊन टाकलं, जे बरोबर होतं पण पूर्ण नव्हतं.

दोन मिनिटांचं उत्तर असं की हॅस्केलमध्ये इफ हे 'करायचं' काम नसतंच, ते एक मूल्य असतं. पाच अधिक तीन हे जसं आठ होतं तसं अख्खं इफ-देन-एल्स मिळून काहीतरी एक 'होतं'. आणि एल्स नसेल तर अट खोटी निघाल्यावर ते काय होणार? काहीतरी तर व्हायलाच पाहिजे. म्हणून एल्स काढला की कंपाइलर, म्हणजे आपला प्रोग्राम मशीनला कळेल असा करून देणारं सॉफ्टवेअर, तो घेतच नाही, बस.

पूर्ण उत्तर द्यायचं तर मला शाळेतलं मराठी व्याकरण काढावं लागेल. क्रियापदाचे अर्थ चार: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. आठवीत घोकलेलं. मी ज्या भाषांत आधी प्रोग्रामिंग शिकले त्यांना इम्परेटिव्ह म्हणतात, आणि व्याकरणात आज्ञार्थाला इंग्रजीत हाच शब्द आहे. तिथलं प्रत्येक वाक्य म्हणजे हुकूम. हे कर, ते ठेव, तिथे जा. आणि तिथला इफ म्हणजे अटीवर दिलेला हुकूम: बी ओली असली तर दर कमी कर. हुकुमाचं एक असतं, तो लागू नसला तर शिपाई गप्प उभा राहतो, आणि त्याच्या हातात आधीपासून जे काही होतं ते तसंच हातात राहतं. माझा दर तसाच राहिला होता. हॅस्केलमध्ये तेच लिहायला बसलं की वाक्याची सुरुवातच बदलते. 'दर म्हणजे', अशी सुरुवात होते. दर म्हणजे, बी ओली असली तर हा, नाहीतर तो. 'दर म्हणजे' असं एकदा तोंडातून निघालं की अर्ध्यावर थांबताच येत नाही, समोरचा माणूस वाट बघत उभा असतो.

आणि गंमत बघा, मराठीत 'जर' टाकून दिला तरी चालतो पण 'तर' सोडता येत नाही. पाऊस आला तर कपडे काढ, यात जर कुठे आहे? पण 'जर पाऊस आला, कपडे काढ' असं आपण बोलत नाही, कानाला अडतं. आपली भाषा अटीपेक्षा परिणामाला घट्ट धरून ठेवते. 'नाहीतर'चा मात्र आपल्याला कंटाळा. जमलं तर येतो. मिळालं तर आणतो. सरांना विचारून सांगतो, हो म्हणाले तर कळवतो. नाही म्हणाले तर? तेव्हा कळवणार की नाही? अशा अर्ध्या वाक्यांवर आपले किती दिवस जातात, फोनकडे बघत. मी हल्ली सरळ विचारते, आणि नाही म्हणाले तर पण कळवाल ना? लोक आधी जरा चमकतात, मग हो म्हणतात.

हे 'मूल्य होणारं' इफ आलं कुठून हे मी नंतर वाचलं आणि मला ती हकीकत फार आवडते. जॉन मॅकार्थी, अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ. १९५७-५८ साली हे गृहस्थ एमआयटीत आयबीएम ७०४ या मशीनवर फोरट्रान या भाषेत बुद्धिबळाच्या नियमातल्या चाली काढणारा प्रोग्राम लिहीत होते. फोरट्रानचा तेव्हाचा इफ म्हणजे तीन फाट्यांचा रस्ता, आकडा ऋण असला तर या ओळीवर जा, शून्य असला तर त्या, धन असला तर तिसऱ्या. सगळं 'जा'च. ते त्यांना अडचणीचं झालं म्हणून त्यांनी स्वतःचं एक फंक्शन केलं, एक्सआयएफ नावाचं. त्याला तीन गोष्टी द्यायच्या, पहिली बघून ते बाकी दोनातली एक परत देणार. प्रोग्राम छोटे झाले, वाचायला सोपे झाले. पण एक घोळ होता. फंक्शनमध्ये शिरायच्या आधी तिन्ही गोष्टींचा हिशेब पूर्ण करावा लागायचा, मग त्यातली एक फुकटच जाणार असली तरी.

यात काय एवढं, असं वाटेल. पण समजा पावसाची चिन्हं आहेत का बघून बिया घरात पसरायच्या की अंगणात हे ठरवायचंय, आणि नियम असा की आधी घरात पसरून घ्या, मग त्याच गोळा करून अंगणात पसरून घ्या, आणि मग आभाळाकडे बघा. नुसती मेहनत वाया गेली तर एक वेळ चालेल, पण काही ठिकाणी ते जिवावरच बेततं. फॅक्टोरियल घ्या, म्हणजे एकपासून त्या आकड्यापर्यंतच्या सगळ्या आकड्यांचा गुणाकार. आकडा शून्य असेल तर उत्तर एक, नाहीतर आकडा गुणिले एकने लहान आकड्याचं फॅक्टोरियल. यात दोन्ही बाजू आधी सोडवायच्या म्हटलं तर शून्यावर पोचल्यावरही दुसरी बाजू सोडवायला ते उणे एककडे जाणार, मग उणे दोन, मग उणे तीन, त्याला तळच नाही. म्हणून मॅकार्थींनी खरंखुरं कंडिशनल एक्स्प्रेशन काढलं, अट बघायची आणि दोनातली एकच बाजू सोडवायची. १९६० सालच्या त्यांच्या लिस्प या भाषेवरच्या निबंधात ते आहे, आणि अल्गोल ६० या भाषेत इफ-देन-एल्सच्या रूपात ते बाकीच्या जगात गेलं. आपण रोज टाइप करतो तो एल्स बुद्धिबळाच्या पटावरून आलाय, हे कळल्यावर मी त्या दिवशी जेवताना सगळ्यांना सांगत बसले होते.

हॅस्केलमध्ये या गोष्टीला अजून एक वळण आहे. ती भाषा मुळातच आळशी, लेझी, गरज पडेपर्यंत कुठलीच गोष्ट सोडवत नाही. त्यामुळे तिथे इफ तुम्ही स्वतः साधं फंक्शन म्हणून दोन ओळींत लिहू शकता: खरं असेल तर पहिलं दे, खोटं असेल तर दुसरं दे. मॅकार्थींना जे जमत नव्हतं ते इथे आपोआप जमतं. स्कीम नावाच्या भाषेत असं करून चालत नाही, तिथे इफला भाषेत खास जागा द्यावी लागते, कारण साध्या फंक्शनला दिलेलं सगळं आधी सोडवलं जातं. मी हे पहिल्यांदा स्वतः लिहून चालवून बघितलं त्या संध्याकाळी बाहेर धो धो पाऊस होता आणि लाइट जाऊन-येऊन होती, आणि मी खूप वेळ त्या दोन ओळींकडे नुसती बघत बसले होते.

दुसरी सक्ती म्हणजे दोन्ही बाजूंचा प्रकार एकच पाहिजे. एकीकडे आकडा आणि दुसरीकडे 'विचारून सांगतो' हे चालत नाही. दर म्हणजे आकडा, तर दोन्हीकडे आकडाच. आणि खरंच दर ठरलेला नसेल तर? मग तसं वरच लिहून द्यायचं, की हे नुसतं आकडा नाही, मेबी आकडा आहे, असेल किंवा नसेल, आणि मग जो कोणी ते वापरेल त्याला दोन्ही शक्यतांचं उत्तर द्यावं लागेल. मला हे फार सभ्य वाटतं. माहीत नाही हे सुद्धा उत्तर आहे, फक्त ते उघड सांगायचं, सुक्या मालाच्या पोत्यात दडवून पुढे ढकलायचं नाही.

त्या नवीन मुलाने शेवटी काय केलं सांगते. एल्स शून्य असं लिहिलं. कंपाइलर खूश. मी त्याला शेजारी बसवलं आणि विचारलं, हा शून्य कुणाच्या पावतीवर छापला जाणार? तो म्हणाला, मॅडम ती वेळ येणारच नाही. म्हटलं, मग लिहिलास कशाला? तर म्हणाला, ते मागत होतं म्हणून. आणि इथे मला कळलं की कंपाइलर फक्त प्रश्न विचारू शकतो, उत्तर खरं आहे की तोंडदेखलं हे त्याला नाही कळत. मग मी त्याला मामांच्या दोन पावत्या दाखवल्या. त्या माझ्याकडेच आहेत, प्लास्टिकच्या कव्हरात, छपाई आता फिकट होऊन जेमतेम दिसते. तो बराच वेळ बघत होता. दुपारी त्याने स्वतःहून तो शून्य काढला आणि मेबी लावला, त्यासाठी त्याला अजून अकरा ठिकाणी बदल करावे लागले, ते पण केले.

माझ्या वडिलांकडचं घर चोडणला. रायबंदरहून फेरीने जायचं. तिथे खाजन शेती आहे, नदीचं खारं पाणी भरती-ओहोटीबरोबर आत-बाहेर होतं आणि बांध घालून ते शेतापासून अडवलेलं असतं. त्या बांधात जागोजागी मानस असते, लाकडी फळ्यांचं दार. लहानपणी काका मला तिथे घेऊन जायचे आणि मला वाटायचं कुणीतरी माणूस येऊन ते उघडत-मिटत असणार. तसं नाही. बाहेर नदीला भरती आली की पाण्याचा दाब फळीला आत ढकलून दार घट्ट मिटवतो, खारं पाणी बाहेरच राहतं. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा दाब जास्त होतो आणि तीच फळी बाहेर उघडते, शेतातलं जादा पाणी निघून जातं. कुणी हुकूम देत नाही. फळी कुठे असणार हे बाहेरचं आणि आतलं पाणी मिळून ठरवतं, तिला 'आधी कुठे होते' हे लक्षात ठेवायची गरजच नाही. माझा दर असा असता तर मामांना बस पकडून यावं लागलं नसतं.

गेल्या वर्षी परत तिथे गेले होते, काकांबरोबर, आणि नेमकं पाणी वळायच्या वेळेला. काका म्हणाले, रांव बाय, आतां पळय. थांब, आता बघ. आत-बाहेर पाणी सारखं झालं होतं. फळी ना मिटलेली ना उघडी, जागच्या जागी थरथरत होती, कडेला शेवाळाचे तंतू आधी एका बाजूला झुकलेले, मग सरळ उभे, मग हळूच दुसऱ्या बाजूला. दोन-चार मिनिटं असतील. एक बारीक कोळंबी फळीच्या फटीत अडकून धडपडत होती, ती सुद्धा सुटली.

मला तिथे उभं असताना आठवला एक घोळ, बरोबरीचा. हॅस्केलमध्ये एकात एक इफ न घालता गार्ड लिहितात, उभ्या रेघा मारून एकाखाली एक अटी, वरून खाली जी पहिली खरी ठरेल ती लागू. फार देखणं दिसतं ते. पण ओलावा ९ पेक्षा कमी असेल तर हा दर, ९ पेक्षा जास्त असेल तर तो, असं लिहून माणूस मोकळा होतो, आणि मग एक दिवस बरोबर ९ येतो. कुठलंच गार्ड लागू होत नाही आणि प्रोग्राम तिथेच कोसळतो. वॉर्निंग चालू ठेवल्या तर कंपाइलर आधीच कुरकुरतो, कारण या अटींत सगळे आकडे आले की नाही हे त्याला सिद्ध करता येत नाही. म्हणून शेवटी अदरवाइज लिहायचं. अदरवाइज हा काही जादूचा शब्द नाही, हॅस्केलच्या प्रेल्यूडमध्ये, म्हणजे भाषेबरोबर आयत्या मिळणाऱ्या व्याख्यांत, त्याची व्याख्या नुसती 'खरं' एवढीच आहे, वाचणाऱ्याला बरं वाटावं म्हणून दिलेलं नाव. फोरट्रानच्या त्या जुन्या इफला मी मघाशी तीन फाट्यांचा रस्ता म्हटलं, पण त्याचं एक मानलं पाहिजे, शून्याला त्याने वेगळा फाटा दिला होता.

तरीसुद्धा सगळीकडे अदरवाइज ठोकून देणं मला पटत नाही, यावर टीममध्ये माझं वाजतं कधीकधी. मालाचे प्रकार तीन असतील, सुका, ओला, फुटका, तर तिन्हींची नावं घेऊन उत्तर लिहावं, 'बाकी सगळे' म्हणून शेवटी एक झोळी धरू नये. कारण उद्या चौथा प्रकार आला की नावं घेतलेली असतील तर वॉर्निंग चालू असताना कंपाइलर एकेक जागा दाखवतो, इथे चौथ्याचं उत्तर नाही, तिथे नाही. झोळी असेल तर चौथा गुपचूप तिच्यात पडतो आणि कुणाला पत्ताच लागत नाही. पहिल्यांदा ती यादी माझ्या स्क्रीनवर आली, सतरा जागा, तेव्हा मला मनापासून वाटलं की हे त्या मे महिन्यात माझ्याकडे असतं तर.

एक्सेलमध्येही हेच असतं बरं का, जे लोक म्हणतात आम्हाला प्रोग्रामिंग येत नाही ते रोज एक्सेलमध्ये फंक्शनल प्रोग्रामिंगच करत असतात. तिथला इफ पण मूल्य देतो. माझी चुलत बहीण होमस्टे चालवते, तिच्या शीटमध्ये अर्ध्या खोल्यांच्या पुढे मोठ्या अक्षरात फॉल्स आलं होतं आणि ती घाबरून फोन करत होती की फाइल करप्ट झाली. तिने इफमध्ये तिसरी जागा भरलीच नव्हती. एक्सेल कंपाइलरसारखं अडवत नाही, पण गप्पही बसत नाही, फॉल्स लिहून ठेवतं. मी तिला फोनवर विचारलं, डिसेंबर नसेल तर काय दर? ती म्हणाली, अगं ते ठरवायचंच राहिलंय. मग तिने आणि तिच्या नवऱ्याने बसून पावसाळ्याचा दर ठरवला.

मामा आता थकलेत, पण सीझनला अजून स्वतः बागेत जातात, बोंडू पिळून बी वेगळी करतात, अंगणात गोणपाट पसरतात. या मे महिन्यात दोन दिवस राहायला गेले होते. संध्याकाळी आभाळ भरून आलं, म्हादईच्या बाजूला वीज चमकायला लागली, आणि ते पायरीवर बसून मामीला उद्याचं सांगत होते. उघाड असली तर सकाळी सातला बी बाहेर, दुपारी एकदा परतायची. आणि नाहीतर पडवीत पसरायची, पंखा लावायचा, आणि बाजाराला परवा जायचं, उद्या नाही.

मामी म्हणाली बरं, आणि गोणपाटं आत घ्यायला उठली. मी पण उठले.